उसाच्या शिवारातली भाकरी

जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गाला जेथे मिळतो, तेथे वडीगोद्री हे गाव आहे. दक्षिणेस शहागडजवळून गोदावरी वाहते, पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा याच पट्ट्यातून परभणीकडे जातो आणि जवळच अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा आहे. त्यामुळे ज्या मराठवाड्याचे नाव दुष्काळाशिवाय फारसे घेतले जात नाही, त्यातील हा भाग उसाने हिरवा दिसतो. राज्याला वडीगोद्री ठाऊक झाली ती मात्र आरक्षणाच्या प्रश्नावर जून २०२४ मध्ये येथे झालेल्या उपोषणामुळे, आणि शेजारच्या अंतरवाली सराटीतील उपोषणे तर त्याआधीच घराघरांत पोहोचली होती. ती उपोषणे ठरवून केलेली आणि जाहीर होती, त्यांचा प्रत्येक दिवस मोजला जात होता. घरातल्या घरात, कोणाला न सांगता काढल्या जाणाऱ्या उपाशी दिवसांची नोंद मात्र झालीच तर अंगणवाडीच्या वजनकाट्यावर होते, आणि या लेखाचा विषय ती दुसरी भूक आणि ती कमी करण्यासाठी लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या व्यवस्था हा आहे.

अन्नसुरक्षा या संज्ञेत तीन गोष्टी एकत्र येतात: अन्न जवळपास उपलब्ध असणे, ते मिळवण्याची ऐपत किंवा हक्क असणे आणि खाल्लेले अन्न अंगी लागणे. यांपैकी पहिल्या गोष्टीची वानवा आज महाराष्ट्रात क्वचितच आढळते. बाकीच्या दोहोंचे चित्र निराळे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने अतिशय बारीक आढळली, आणि १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण आधीच्या फेरीतील ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेले. ज्या राज्यात साखरेचे ढीग लागतात, त्याच राज्याचे हे आकडे आहेत.

ऊस, कापूस, सोयाबीन आणि जालन्याची प्रसिद्ध मोसंबी ही या भागातील मुख्य पिके बाजारासाठी घेतली जातात आणि त्यांतल्या कशाचीही भाकरी होत नाही. कालव्याचे पाणी आले तसे ज्वारीचे रान उसाकडे गेले, आणि पाणी नसलेल्या रानात कापूस व सोयाबीन वाढले. शेतमालकाच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा नव्हता, पण त्याची किंमत मजुराने मोजली, कारण पूर्वी सुगीच्या कामाचा मोबदला बव्हंशी धान्यात मिळत असे, खळ्यावरून पोत्यातली ज्वारी थेट मजुराच्या घरी जात असे, आणि काढणीनंतर रानात उरलेली कणसे वेचण्याचा गरिबांचा अलिखित अधिकारही कोणी सहसा नाकारत नसे. मजुरी रोखीत मिळू लागल्यावर घरात धान्य यावे की नाही हे बाजारभावावर, कर्जाच्या हप्त्यावर आणि बरेचदा पैसे कोणाच्या खिशात पडतात यावर ठरू लागले.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना तोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणून मोजले जाते, गावातून निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले राहतात, तर अंगणवाडीच्या वयाची मुले पाचटाच्या कोपीत आईबापांबरोबर असतात. शिधापत्रिका देशात कोठेही चालावी अशी सोय आता आहे, पण आज या फडात तर आठ दिवसांनी दुसऱ्या फडात असलेल्या आणि पहाटे तोडीला लागून रात्री गाडी भरणाऱ्या बाईने अनोळखी गावातील दुकानात जाऊन यंत्रावर अंगठा कधी लावायचा, याचे उत्तर त्या सोयीत नाही.

भुकेच्या काळासाठी धान्य राखण्याचे शहाणपण मराठवाड्याला नवे नाही. गावठाणातील पांढऱ्या मातीत पुरुषभराहून खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा खड्डा खणून, त्याच्या तळाला व कडांना कडबा आणि भूस दाबून बसवून, त्यात ज्वारी भरत आणि वर फरशी ठेवून मातीने तोंड लिंपून घेत, हे पेव. आतली हवा कोंडल्यामुळे कीड जगत नसे आणि धान्य काही वर्षे टिकत असे, मात्र त्याच कोंडलेल्या हवेने माणूसही गुदमरू शकत असल्याने पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवून, दिवा आत सोडून तो विझत नाही याची खात्री झाल्यावरच कोणी खाली उतरत असे. त्या ज्वारीला कुबट वास येई, तरी टंचाईच्या वर्षी त्याच ज्वारीने गावे तगली. पेवांचे गुणगान करताना एक गोष्ट सहसा वगळली जाते, ती ही की पेव ज्याचे असे त्यालाच ते उघडण्याचा अधिकार होता, आणि आषाढात त्यातले धान्य उसने घेणाऱ्याला सुगीनंतर ते सवाईने, म्हणजे सव्वापट, किंवा दिढीने, म्हणजे दीडपट, फेडावे लागे. साठा गावात होता, पण तो गावाचा नव्हता.

संकटात लोकांनी एकत्र येऊन स्वयंपाकघरे उभारल्याचा आधुनिक महाराष्ट्रातील ठळक दाखला १८७६–७७ च्या दुष्काळाचा आहे. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तेव्हा अन्नछत्रे चालवली आणि पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळात निराधार झालेल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. जोतीराव फुल्यांनी मे १८७७ मध्ये त्यासाठी मदतीचे आवाहन प्रसिद्ध केले, तर सावित्रीबाईंचे एप्रिल १८७७ चे ओतूरहून लिहिलेले पत्र त्या भागातील दुष्काळाचे आणि मदतकार्यात आलेल्या अडचणींचे वर्णन करते. तेथे मुलाच्या जातीपेक्षा त्याची भूक आधी विचारात घेतली गेली, आणि त्या काळात ही साधी बाब नव्हती.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातील वयस्कर पिढीला अजून तोंडपाठ आहे: खडी फोडण्याची आणि नालाबंडिंगची कामे, परदेशातून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. ही कामे सरकारने काढली हे खरे, पण ती मागण्यासाठी तहसीलांवर मोर्चे निघाले, घेराव झाले, मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांनी लाटणी हातात घेतली, आणि त्या रेट्यातून वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप आले. मागेल त्याला काम ही हमी देशाने २००५ मध्ये स्वीकारली, त्याआधी तीन दशके महाराष्ट्रात ती दुष्काळग्रस्तांनी मिळवली होती. भुकेवरचा उपाय दया नसून हक्क आहे, ही समजूत या प्रदेशात येथून रुजली.

तरीही अन्नदानाची परंपरा कमी लेखता येणार नाही. अखंड हरिनाम सप्ताहात घरोघरी भाकरी थापल्या जातात, आमटीच्या कढया चुलाणावर चढतात, शिधा गोळा करण्यापासून वाढप्यांपर्यंत सारी कामे वाटून घेतली जातात आणि हजारोंची पंगत बिनबोभाट उठते. एवढे नियोजन विनामोबदला करणारी दुसरी यंत्रणा ग्रामीण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. जायकवाडीचे धरण ज्या पैठणला आहे, त्याच पैठणच्या एकनाथांविषयी अशी कथा सांगितली जाते की श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी आधी अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्यांना वाढले आणि त्यासाठी ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला. पंगत कोणाची आणि तीत कोण कोठे बसतो हा प्रश्न म्हणजे अन्नदानाची जुनी दुखरी बाजू आहे, आणि ती पूर्णपणे बरी झाली आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. शिवाय सप्ताह सात दिवसांत संपतो. पावसाळ्यात हाताला काम नसलेले दिवस त्याहून बरेच असतात.

शहरांत या परंपरेने नवे रूप घेतले. तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डिसेंबर २०१५ मध्ये युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. सभासद घरून ताज्या पोळ्या आणि भाजी आणून जमा करतात आणि गरजू ते अन्न घेऊन जातो, त्याचे नावगाव विचारले जात नाही. पुण्यात हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९७४ मध्ये सुरू केलेले ‘कष्टाची भाकर’ हे याहून निराळ्या जातीचे काम आहे, कारण तेथे कोणी दाता नाही आणि कोणी याचक नाही. कष्टकऱ्यांच्याच संघटनेने चालवलेल्या त्या स्वयंपाकघरात परवडेल अशा दरात पोटभर अन्न विकत मिळते. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात बांधले, तेव्हा कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बायकांनाच सावकाराच्या विळख्यातून सुटायचे होते.

यांपैकी रोटी बँकेचा नमुना गावात जशाचा तसा चालेल असे मात्र नाही. शहरात घेणाऱ्याला कोणी ओळखत नाही हीच त्या व्यवस्थेची ताकद आहे; वडीगोद्रीसारख्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, आणि सोयरीक जुळवताना समोरच्या घराची चूल कशी पेटते याची चौकशी होते, तेव्हा हात पसरण्यापेक्षा माणसे रात्रीचे जेवण टाळणे पत्करतात. गावात टिकणारी व्यवस्था देणे-घेणे बरोबरीचे करणारी हवी. धान्य बँक या नावाने ओळखली जाणारी योजना याच तत्त्वावर चालते: सुगीत प्रत्येक घर थोडे थोडे धान्य सामाईक कोठीत घालते, टंचाईच्या महिन्यांत ज्याला लागेल तो उसने नेतो, आणि पुढच्या सुगीत अगदी थोड्या वाढाव्यासह परत करतो. आदिवासी भागांसाठी केंद्र सरकारने १९९६–९७ मध्ये अशा बँकांना मदत देण्यास सुरुवात केली, परंतु जेथे कोठी सरकारी धान्याने भरली गेली आणि गावाचे स्वतःचे धान्य तीत पडले नाही, तेथे परतफेड थांबली की कोठीही रिकामी राहते.

मराठवाड्याच्या सीमेपलीकडे, पूर्वी याच हैदराबाद संस्थानात असलेल्या आणि आता तेलंगणात मोडणाऱ्या झहीराबाद भागात, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांच्या संघांनी ही कल्पना बरीच पुढे नेली. १९९० च्या दशकात त्यांनी पडीक राहिलेली जमीन कर्जाऊ मदत देऊन लागवडीखाली आणली, कर्जाची फेड पैशांऐवजी ज्वारीने घेतली, ती ज्वारी गावातच साठवली आणि पावसाळ्यातील टंचाईच्या महिन्यांत सर्वांत गरीब घरांना स्वस्तात विकली. गरीब कोण हे ठरवण्यासाठी कोणताही सरकारी निकष न लावता गावाने एकत्र बसून प्रत्येक घराचा विचार केला. गहू-तांदळाच्या रेशनला ज्वारीच्या रेशनचा हा पर्याय होता. वडीगोद्रीच्या माणसाला तो परका वाटू नये, कारण माती, पाऊस, जेवण आणि जातींची उतरंड ही सारी दोन्हीकडे मिळतीजुळती आहेत.

सरकारी रेशन मात्र टाकाऊ नाही, आणि ज्यांच्या घरी दोन पोती ज्वारी शिल्लक असते त्यांनीच त्याची टिंगल करावी. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला; त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. जालन्यासह शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांनाही २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते, परंतु २०२३ मध्ये धान्य बंद करून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यावर देण्याचे ठरले. रक्कम खात्यावर येणे आणि धान्य डब्यात येणे या एकच गोष्टी नाहीत. बाजारभाव चढला की रक्कम तीच राहते, धान्य मात्र कमी येते.

रेशनमधील आणखी एक अडचण कमी बोलली जाते. राज्यात सुमारे ७ कोटी लोकांना हे धान्य देता येईल, ही मर्यादा २०११ च्या जनगणनेवरून ठरली असून तिला व्यवहारात इष्टांक म्हणतात. इष्टांक भरलेला असला की वेगळा संसार थाटलेल्या मुलाचे किंवा सासरी आलेल्या सुनेचे नाव यादीत घेताना अडते. यावर गावाच्या हाती साधन आहे. कायद्याने गावपातळीवर दक्षता समिती आणि सामाजिक अंकेक्षण, म्हणजे योजनेचा हिशेब लोकांनी स्वतः उघडपणे तपासणे, या दोन्हींची तरतूद केली आहे, आणि महाराष्ट्रात लाभार्थींची यादी गावासमोर मोठ्याने वाचण्याच्या प्रथेला चावडी वाचन म्हणतात. जी माणसे गाव सोडून गेली, वारली किंवा सधन झाली, त्यांची नावे अशा वाचनात सर्वांदेखत पुढे येतात आणि जागा मोकळी होते. दुकानदार, सरपंच आणि शेजारी यांच्यासमोर उभे राहून हे बोलणे अवघड असते, म्हणूनच एकट्या माणसाऐवजी बचत गटाने किंवा महिला मंडळाने ते काम अंगावर घेतलेले बरे.

लहान मुलांच्या कुपोषणाबाबत मराठवाड्याने राज्याला एक वाट दाखवली आहे. औरंगाबाद विभागात अंगणवाडी, आरोग्य खाते आणि गावकरी यांनी एकत्र येऊन मुलांची वजने नियमित घेण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या अनुभवावर २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. तीव्र कुपोषित मुलाला दूरच्या दवाखान्यात न नेता गावच्या अंगणवाडीतच दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे जेवण आणि औषधोपचार देणारे ग्राम बाल विकास केंद्र हा त्या कामाचा गाभा होता. मजुरीला गेलेल्या आईचा दिवस बुडत नसे, कारण मूल गावातच राही. २०१२ च्या पाहणीत राज्यातील दोन वर्षांखालील बालकांमधील खुजेपण २००५–०६ च्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक घटलेले दिसले. ही गती पुढे टिकली नाही, हे वर दिलेले आकडेच सांगतात.

मुलांचे अन्न कोणी शिजवावे, यावरही मोठी लढाई झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदारांना दूर ठेवून गावातील महिला मंडळे आणि बचत गटांना प्राधान्य देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी शाळेतील आहार शिजवण्यासाठी दलित व आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे असेही सांगितले. तरी महाराष्ट्रात निविदांच्या अटी अशा येत गेल्या की लहान गट त्यांत बसूच नयेत, आणि अखेर २०१९ मध्ये वैष्णोराणी महिला बचत गटाच्या प्रकरणात न्यायालयाला त्या निविदा रद्द कराव्या लागल्या. गावच्या बायकांनी शिजवलेल्या खिचडीत मीठ कमी-जास्त होईल, पण ते सांगायला मुलाची आई थेट त्यांच्या दारात जाऊ शकते. शेकडो कोसांवरून आलेल्या पाकिटाबाबत तशी सोय नसते.

या सर्व प्रयत्नांत उसाच्या व कापसाच्या पट्ट्याला सर्वांत लागू पडणारा प्रयोग मराठवाड्यातच झाला आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून वाढलेल्या आणि प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने धाराशिव, लातूर भागातील स्त्रियांबरोबर ‘एक एकर शेती’ची पद्धत रुजवली. घरातील सगळी जमीन नगदी पिकाखाली असते आणि तिच्यावर निर्णय पुरुषाचा असतो, म्हणून स्त्रीने नवऱ्याकडे आणि सासऱ्याकडे अर्धा ते एक एकर स्वतःच्या निर्णयासाठी मागून घ्यायचा, आणि त्यात ज्वारी-बाजरी, तूर, मूग, उडीद, भुईमूग, कारळ, मेथी, पालक, वांगी, गवार, शेवगा अशी घरात लागणारी पिके मिश्र पद्धतीने, शेणखत व गांडूळखतावर, थोड्या पाण्यात घ्यायची; आधी घरच्यांनी खायचे आणि उरलेले विकायचे. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते, दर आठवड्याला भाजीचे दोन पैसे येतात, आणि काय पेरायचे हे ठरवणारी व्यक्ती ताटात काय वाढायचे हेही ठरवते. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या बाबतीत असेच काम अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपून केले आहे, आणि १९६४ मध्ये महिकोची स्थापना झाल्यापासून बियाणे उद्योगासाठी नावाजलेल्या जालना जिल्ह्याने त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

एक एकराची ही पद्धत भूमिहीनाला मात्र उपयोगी पडत नाही, आणि ऊसतोडीला जाणारी बहुतेक कुटुंबे भूमिहीन किंवा अल्पभूधारक असतात. त्यांच्यासाठी परसबाग, गावातील पडीक किंवा गायरान जमिनीचा गटाने केलेला वापर, आणि हंगामात गावी राहिलेल्या मुलांसाठी वसतिगृह व तेथील जेवण, यांचीच जोड द्यावी लागेल. नाहीतर कालव्यावरची गावे हिरवी राहतील आणि त्यांतील अर्धी घरे किराणा उधार आणत राहतील.

ग्रामसभा कायद्याने वर्षातून किमान चार वेळा भरवावी लागते. पुढच्या ग्रामसभेत रेशनची यादी चावडीवर वाचायला लावणे, जी पात्र घरे तीत नाहीत त्यांची नावे ठरावात लिहून तो तहसीलदारांकडे पाठवणे आणि पोच घेऊन ठेवणे, एवढे काम वडीगोद्रीतील कोणताही बचत गट कोणाच्या देणगीची वाट न पाहता करू शकतो. त्यांनी ते तोडीच्या गाड्या गावातून निघण्यापूर्वी करावे.